प्राग पायी : गडावरून खाली, एका दिवसात

प्राग पायी बघायला निघालेले बहुतेक लोक जुन्या शहराच्या चौकातून सुरुवात करतात, चार्ल्स पूल ओलांडतात आणि ऐन दुपारी गडाचा चढ चढायला घेतात. तोवर पाय दमलेले असतात आणि गडावर गर्दीही सगळ्यात जास्त असते. हा क्रम उलटा करावा. सकाळी ट्रामने थेट माथ्यावर जायचं आणि दिवसभर उतरत यायचं : स्त्राहोव्ह मठ, गड, माला स्त्राना ही गडाखालची वस्ती, पूल, जुनं शहर, योझेफोव्ह ही जुनी ज्यू वस्ती आणि शेवटी वात्स्लाव चौक. एकूण चाल नऊ-दहा किलोमीटर होते, पण त्यात दम लागेल असा चढ जवळजवळ नाही.

वरून खाली येण्याचा आणखी एक फायदा आहे आणि आमच्या मते तोच मोठा. युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध १६१८ मध्ये या गडावरच्या एका खिडकीपाशी पेटलं आणि १६४८ मध्ये त्याच्या अगदी शेवटच्या लढायांपैकी एक खालच्या पुलावर झाली. खिडकीपासून पुलापर्यंत पायी एक-दीड किलोमीटर. या रस्त्याने उतरलं की तो सगळा काळ ओळीने लागतो, आणि त्याच्या खुणा बऱ्याचदा पायाखाली किंवा हाताच्या उंचीवर असतात. बसमधून त्या दिसत नाहीत.

आदल्या संध्याकाळी

वार आधी ठरवावा. रविवारी सकाळी गडावरच्या कॅथेड्रलमध्ये प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारनंतरच आत सोडतात. शनिवारी ज्यू संग्रहालयाची सगळी ठिकाणं बंद. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद. म्हणजे या फेरीसाठी मंगळवार ते शुक्रवार हे दिवस चांगले. शिवाय आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारी स्वस्त जेवण मिळतं, त्याबद्दल पुढे.

बूट जाड तळव्याचे हवेत. प्रागची फूटपाथं चार ते सहा सेंटिमीटरच्या दगडी घनांची आहेत : पांढरे, करडे आणि तांबूस दगड नक्षीत बसवलेले. दिसतात फार देखणे, पण पातळ तळव्यातून प्रत्येक दगडाची कड बोचते, आणि पाऊस पडला की हेच घासून गुळगुळीत झालेले दगड निसरडे होतात. टाचेचे बूट फटीत अडकतात. चाकांची बॅग ओढत नेणं तर नकोच.

पैसे कोरुनामध्ये लागतात. सगळ्यात छोटी नोट १०० ची, त्याखाली ५० पर्यंत नाणी. सार्वजनिक स्वच्छतागृहांत बऱ्याच ठिकाणी नाणी टाकावी लागतात, म्हणून दहा-वीसची सात-आठ नाणी वेगळ्या खिशात ठेवावीत. काही दुकानं युरो घेतात, पण भाव त्यांच्या सोयीचा लावतात. पैसे बदलताना ‘शून्य टक्के कमिशन’ या पाटीला काही अर्थ नाही, कारण कमाई दरातच काढलेली असते. नोट पुढे करण्याआधी ‘हातात नेमके किती कोरुना पडतील?’ एवढंच विचारायचं आणि आकडा कागदावर लिहून घ्यायचा. तरीही फसगत झालीच, तर इथल्या कायद्याने १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, मात्र पावती हवी. रस्त्यात थांबवून चांगला भाव देऊ करणाऱ्या माणसाकडून एकही नोट घेऊ नये. परक्या देशांच्या, चलनातून गेलेल्या नोटा हातात टेकवण्याचा धंदा इथे जुना आहे. एटीएमने ‘तुमच्या चलनात रक्कम वळती करू का?’ असं विचारलं तर नाही म्हणायचं आणि कोरुनातच पैसे काढायचे.

पत्ता शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रागच्या घरांवर दोन नंबर असतात. लाल पाटीवरचा नंबर त्या भागातल्या घरांच्या नोंदीचा, निळ्या पाटीवरचा रस्त्याच्या क्रमाने. चालत घर शोधायचं तर निळा नंबर बघायचा. लाल नंबरामागे लागलेला माणूस १२ च्या शेजारी ४०० बघून गोंधळतो. तसंच दारांचं : ‘सेम’ लिहिलं असेल तर आपल्याकडे ओढायचं, ‘ताम’ असेल तर ढकलायचं. दुकानात शिरताना ‘दोब्री देन’ म्हटलं की समोरच्याचा सूर बदलतो. हा इथला साधा शिष्टाचार आहे, परक्यांनी पाळला की लोकांना बरं वाटतं.

सकाळी आठ : बावीस नंबर

नारोदनी रस्त्यावरून २२ नंबरची ट्राम पकडायची. तिकिटं तीस मिनिटांची, नव्वद मिनिटांची, चोवीस तासांची असतात. या बेतात दिवसभरात दोनदाच ट्राम लागते, तेव्हा दोन तीस मिनिटांची तिकिटं पुरतात. दुकानातून किंवा स्टेशनवरच्या यंत्रातून घेतलेलं कागदी तिकीट ट्राममध्ये चढल्याबरोबर दाराजवळच्या पिवळ्या पेटीत घालून त्यावर वेळ छापून घ्यावी लागते. ती छापलेली नसेल तर खिशात तिकीट असूनही तुम्ही विनातिकीटच, आणि साध्या कपड्यातला तपासनीस दंड लावतो. परदेशी लोकांना दंड होतो तो बहुतेक याच कारणाने. ट्रामच्या आतल्या कार्ड टेकवायच्या यंत्रातून निघालेल्या तिकिटावर मात्र वेळ आधीच छापलेली असते. ते पुन्हा पेटीत घालू नये.

ट्रामच्या कपाळावरचं नाव वाचून ठेवा : ‘बीला होरा’, म्हणजे पांढरा डोंगर. याच टेकडीवर ८ नोव्हेंबर १६२० ला बोहेमियाच्या बंडखोर सरदारांचं सैन्य हाब्सबुर्ग सम्राटाच्या फौजेपुढे एक-दोन तासांत कोसळलं, आणि पुढची जवळजवळ तीनशे वर्षं हा देश व्हिएन्नाच्या अमलाखाली घट्ट बांधला गेला. आज ते फक्त ट्रामचं शेवटचं ठिकाण आहे. आपण त्याच्या बरंच आधी, पोहोर्झेलेत्सला उतरायचं.

तिथल्या लांबट चौकात आठ नंबरच्या घरातून एक बोळ आणि जिना वर जातो, तो थेट स्त्राहोव्ह मठाच्या अंगणात निघतो. मठ बाराव्या शतकातला. इथलं ग्रंथालय प्रसिद्ध आहे, दोन्ही दालनं खरोखर सुंदर आहेत, पण ती दारातूनच बघावी लागतात, आत पाऊल टाकू देत नाहीत. फोटो काढायचे तर वेगळे पैसे. शिवाय ते गडाच्या वेळेतच उघडतं. एकाच दिवसात सगळं बसवायचं असेल तर ते सोडावं. मठाच्या पूर्वेची गच्ची मात्र सोडू नये. समोर उतारावर फळबागा, डावीकडे गड, खाली लाल कौलांचा समुद्र आणि मधून व्ल्तावा नदी. आज पायाखालून जाणारा सगळा रस्ता इथून दिसतो. सकाळचं ऊन समोरून येतं, त्यामुळे फोटो धुरकट येतात. फोटोच हवा असेल तर संध्याकाळी पुन्हा यावं लागेल.

गडाकडे जाताना लोरेताचं देऊळवजा चर्च लागतं. त्याच्या मनोऱ्यात २७ घंटा आहेत आणि दिवसा दर तासाला त्या मिळून मेरीमातेचं एक गाणं वाजवतात. त्यासाठी थांबू नका, गडावर नऊच्या ठोक्याला हजर असणं जास्त मोलाचं आहे.

नऊ ते साडेअकरा : गड

गडाच्या आवारात यायला तिकीट नाही, पण दारात सामानाची तपासणी आहे. सकाळी पावणेनऊला ती पाच मिनिटांत उरकते, साडेदहाला तिच्यासाठीच मोठी रांग लागते. दारावरचे शिपाई दर तासाला बदलतात, आणि दुपारी बाराला बिगुल-झेंड्यांसह मोठा सोहळा होतो. त्याच्यासाठी दीड-दोन तास गडावर अडकून पडण्यात अर्थ नाही. तासाला होणारी साधी बदली बघितली की पुरे. शिपायांच्या निळ्या गणवेशाची कथा मात्र सांगण्याजोगी आहे. १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट पडल्यावर राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल यांना जुने खाकी गणवेश नको होते, म्हणून त्यांनी सिनेमाचे वेशभूषाकार तेओदोर पिश्टेक यांच्याकडून हे नवे काढून घेतले. प्रासादावर झेंडा फडकत असेल तर राष्ट्राध्यक्ष देशात आहेत असं समजायचं.

तिकीट दुसऱ्या अंगणात मिळतं आणि तिसऱ्या अंगणातही. एका खिडकीवर रांग असेल तर दुसरी बघावी, तिकीट तेच असतं. मुख्य तिकिटात कॅथेड्रल, जुना राजप्रासाद, सेंट जॉर्जचं चर्च आणि सोनेरी गल्ली येतात. ते दोन दिवस चालतं, पण प्रत्येक वास्तूत एकदाच शिरता येतं. कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला वेगळं तिकीट आणि २८७ पायऱ्या आहेत. दिवसभर चालायचं असेल तर त्या टाळाव्यात. तोच नजारा तुम्ही स्त्राहोव्हहून नुकताच बघितलाय.

पहिल्यांदा कॅथेड्रल, कारण तिथेच गर्दी सगळ्यात लवकर होते. सेंट व्हीटसच्या या इमारतीचा पाया १३४४ मध्ये घातला आणि काम संपलं १९२९ मध्ये. आत शिरल्यावर या दोन तारखांमधलं अंतर डोळ्यांना कळतं. दाराजवळचा अर्धा भाग एकोणिसाव्या-विसाव्या शतकातला, पलीकडचा अर्धा वास्तुकार पेटर पार्लरच्या हातचा, चौदाव्या शतकातला. तिकीट न घेताही पश्चिम दारातून थोडं आत येता येतं, पण जे बघायचं ते सगळं पुढे आहे. डावीकडच्या तिसऱ्या चॅपेलमधली रंगीत काच चित्रकार आल्फोन्स मुखा यांची. इतर खिडक्यांत काचेचे रंगीत तुकडे शिशाने जोडलेले असतात, इथे मात्र काचेवर रंगवलेलं आहे, म्हणून रंग एकात एक मिसळतात. तळाशी नीट बघा, ज्या बँकेने पैसे दिले तिचं नाव तिथे आहे : ‘बांका स्लाविए’.

उजव्या बाजूला सेंट वेन्सेस्लासचं चॅपेल आहे. आत जाऊ देत नाहीत, उंबऱ्याशी उभं राहून बघायचं. भिंतीत तेराशेहून जास्त रत्नदगड चुन्यात बसवलेत, काही तळहाताएवढे, न घासलेल्या कडांसकट. याच चॅपेलमधल्या एका दारातून बोहेमियाच्या राजमुकुटाच्या खोलीकडे जिना जातो. त्या दाराला सात कुलपं आहेत आणि सात किल्ल्या राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, आर्चबिशप अशा सात जणांकडे. सगळे एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही.

मग जुना राजप्रासाद. इथे व्लादिस्लाव दालनात मान वर करून पाच मिनिटं उभं राहावं. १५०२ च्या सुमारास पूर्ण झालेलं हे दालन ६२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद आहे, आणि मध्ये एकही खांब नाही. छताच्या दगडी फासळ्या वेलीसारख्या वळसे घेत भिंतीत उतरतात. पावसाळी दिवशी सरदारांच्या भाल्यांच्या झुंजी इथे आत व्हायच्या. घोडे यायचे तो रुंद, सपाट पायऱ्यांचा जिना बाहेर जायच्या वाटेवर आहे, तो उतरताना पायऱ्यांची उंची पायाला जाणवते.

दालनाच्या कोपऱ्यातून एक साधं दार शेजारच्या कचेरीत नेतं, आणि बरेच लोक तिथे डोकावून परत फिरतात. फिरू नका. २३ मे १६१८ ला प्रोटेस्टंट सरदार इथे घुसले आणि त्यांनी सम्राटाचे दोन अधिकारी, स्लावाता आणि मार्टिनित्स, आणि त्यांचा चिटणीस अशा तिघांना खिडकीतून बाहेर फेकलं. तिघेही वाचले. खिडकीतून खाली बघितल्यावर हे किती नवलाचं होतं ते कळतं : जमीन वीसेक मीटर खाली आहे. त्या घटनेतून तीस वर्षांचं युद्ध पेटलं. खोली लहान, छत ठेंगणं, एक शेकोटी, दोन टेबलं. इतक्या मोठ्या गोष्टीला इतकी साधी जागा बघून माणूस गप्प होतो.

सेंट जॉर्जच्या चर्चचा दर्शनी भाग तांबडा आणि नक्षीदार बरोक शैलीचा, आतला गाभा मात्र हजार वर्षांच्या जुन्या साध्या दगडाचा. दहा मिनिटं द्यावीत. सोनेरी गल्लीत तटाला चिकटून बांधलेली बुटकी घरं आहेत. २२ नंबरच्या निळ्या घरात फ्रांत्स काफ्का १९१६-१७ मध्ये लिहायला बसत असे. गल्ली इतकी अरुंद आहे की अकरानंतर लोकांच्या पाठीच दिसतात.

गल्लीच्या टोकाने बाहेर पडलं की गडाचा पूर्व दरवाजा येतो. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात दरवाजाबाहेर लगेच उजव्या हाताला दक्षिणेकडच्या बागेचं दार उघडं असतं, तिकीट नसतं. तटाखालून चालत गेलं की गवतात दगडी सुळके उभे दिसतात. खिडकीतून पडलेले अधिकारी जिथे आदळले तिथे ते उभारलेत. मान वर केली की तीच खिडकी, आता खालून. मग मागे वळून जुन्या गडाच्या पायऱ्यांनी खाली उतरायचं. नेरुदा रस्त्याने उतरण्यापेक्षा या पायऱ्या बऱ्या, कारण एका बाजूला द्राक्षमळा आहे आणि नेरुदा रस्त्यावर आता दुकानांचीच गर्दी जास्त.

दुपार : माला स्त्राना

पायऱ्या संपतात तिथे मालोस्त्रान्स्का मेट्रो स्टेशन, आणि त्याला लागूनच वालेनस्टाइनच्या बागेचं दार. ही बागही एप्रिल ते ऑक्टोबर उघडी आणि फुकट. वालेनस्टाइन हा याच युद्धातला सम्राटाचा सेनापती. युद्धात कमावलेल्या पैशातून त्याने १६२० च्या दशकात हा वाडा उठवला. आता तिथे संसदेचं वरचं सभागृह भरतं. बागेत मोर मोकळे फिरतात. एका बाजूची उंच भिंत चुनखडीच्या गुहेसारखी बनवली आहे, तिच्यात नीट बघितलं की प्राण्यांची तोंडं दिसायला लागतात. वाटेवरचे ब्राँझचे पुतळे आद्रिआन द व्ह्रीस यांच्या मूळ कामाच्या नकला आहेत. मूळ पुतळे १६४८ मध्ये स्वीडनच्या सैन्याने लुटून नेले, ते आजही स्वीडनमध्येच आहेत. बसायला बाकं भरपूर, स्वच्छतागृह आहे. दमलेल्या पायांना इथे वीस मिनिटं द्यावीत.

जेवण इथेच, साडेबाराच्या आत. कामाच्या दिवशी अकरा ते दोनच्या सुमारास खानावळी ‘पोलेदनी मेनू’ची पाटी लावतात : एक सूप, एक मुख्य पदार्थ, नेहमीपेक्षा बऱ्याच कमी भावात. चौकावरची हॉटेलं सोडून दोन गल्ल्या आत जावं, आणि पाटी फक्त चेक भाषेत असेल तर ती चांगलीच खूण समजावी. स्विच्कोवा म्हणजे सायीच्या आंबटगोड रश्श्यातलं गोमांस, सोबत क्नेदलीक, म्हणजे उकडलेल्या पिठाच्या लांब गोळ्याचे काप. मांस न खाणाऱ्यांनी ‘स्माझेनी सीर’ मागावं, तळलेलं चीज आणि बटाटे. बटाट्याचं सूप शाकाहारी दिसतं, पण ते मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, म्हणून विचारूनच घ्यावं. टेबलावर आधीच ठेवलेला पाव किंवा काजू-शेंगदाणे फुकट नसतात. नको असेल तर हात लावू नये. साधं पाणीही आपोआप येत नाही. टिप दहा टक्क्यांच्या आसपास, आणि ती टेबलावर न ठेवता बिल देतानाच एकूण आकडा सांगून द्यायची.

रस्ता ओलांडताना : पट्ट्यांवरही ट्राम पायी माणसासाठी थांबत नाही, इथल्या नियमाने आधी हक्क तिचा. गाड्या थांबतात म्हणून सवय होते आणि मग ट्रामपुढे पाऊल पडतं.

पूल

मोस्तेत्स्का रस्ता सरळ चार्ल्स पुलावर नेतो. ५१६ मीटर लांब, दहा मीटरच्या आत-बाहेर रुंद, सोळा कमानी, सगळा वालुकाश्म. राजा चौथा चार्ल्स याने १३५७ मध्ये पाया घातला. ज्योतिष्यांनी काढलेला मुहूर्त ९ जुलैला पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांचा होता असं सांगतात. वर्ष, दिवस, महिना, वेळ ओळीने लिहिले की १-३-५-७-९-७-५-३-१ असे चढते-उतरते विषम आकडे येतात.

दोन्ही कठड्यांवर पंधरा-पंधरा पुतळे आहेत. बरेचसे आता नकला आहेत, कारण वालुकाश्म पावसात आणि धुरात झिजतो. मूळ पुतळे संग्रहालयात हलवलेत. माला स्त्रानाकडून येताना डाव्या बाजूला आठवा पुतळा यान नेपोमुकचा, आणि पलीकडून मोजला तरी आठवाच, म्हणजे बरोबर मध्यावर. १६८३ चा, पुलावरच्या पुतळ्यांत सगळ्यात जुना, ब्राँझचा, डोक्याभोवती पाच तारे. चार्ल्सच्या मुलाच्या, राजा चौथ्या वेन्सेस्लासच्या हुकमाने १३९३ मध्ये या धर्मगुरूला या पुलावरून नदीत टाकलं. पुतळ्याच्या पायथ्याच्या दोन पट्ट्या हात लावून लावून सोन्यासारख्या चकाकतात, लोक तिथे रांग लावतात. खरी जागा मात्र पुढे आहे. जुन्या शहराच्या दिशेने आणखी एक पुतळा मागे टाकला की कठड्याच्या दगडात पाच ताऱ्यांचा छोटा पितळी क्रूस बसवलेला आहे. त्याला नेपोमुकच्या पुतळ्याएवढी गर्दी नसते. खिसेकापू मात्र दोन्हीकडे असतात. हात वर, डोळे वर, पिशवी पाठीवर, अशा माणसाचीच ते वाट बघतात. पिशवी पोटावर घ्यावी.

पूल संपता संपता जुन्या शहराचा मनोरा समोर येतो, आणि इथे थांबलंच पाहिजे. पुलाकडची, म्हणजे पश्चिमेची बाजू जवळजवळ उघडी आहे. साधी भिंत. कमानीखालून पलीकडे जा, चार पावलं चालून मागे वळा. तीच इमारत शहराच्या बाजूने नुसती कोरीव कामाने भरली आहे : वर दोन संत, खाली राजा चौथा चार्ल्स आणि त्याचा मुलगा, मध्ये सेंट व्हीटस, ओळीने ढाली. दोन्ही बाजू पार्लरच्या काळी अशाच सजलेल्या होत्या. १६४८ मध्ये स्वीडिश सैन्याने गड आणि माला स्त्राना घेतलं आणि पुलावरून जुन्या शहरात घुसायचा अनेक आठवडे प्रयत्न केला. तोफांनी पश्चिमेची सगळी नक्षी उडवली. शहर पडलं नाही. वेस्टफालियाचा तह झाला, आणि युद्ध संपलं. सकाळी बघितलेल्या खिडकीचा हा शेवट, आणि सात-आठ मिनिटं दोन्ही बाजू आळीपाळीने बघितल्या की तो दगडात वाचता येतो.

मनोऱ्याच्या डाव्या हाताला, काठाच्या भिंतीत पाण्याजवळ एक दाढीवाला दगडी चेहरा आहे, ब्रादाच. आधीच्या, १३४२ च्या पुरात वाहून गेलेल्या पुलावरचा. पाणी त्याच्या दाढीला लागलं की काठच्या लोकांनी सामान हलवायला घ्यायचं, अशी ही जुनी पूर मोजायची खूण.

चौक

कार्लोवा ही चौकाकडे जाणारी गल्ली वाकडीतिकडी आणि गच्च भरलेली. तिच्या डाव्या हाताला क्लेमेंटिनुम ही जेझुइट पंथाच्या कॅथलिक पाद्र्यांची मोठी जुनी वास्तू आहे. तिच्या अंगणांमधून सरळ चालत जाता येतं, आणि दहा पावलांत आवाज थांबतो. पहिल्याच अंगणात १६४८ मध्ये पुलावर लढलेल्या विद्यार्थ्याचा पुतळा आहे. याच वास्तूत १७७५ पासून रोजचं तापमान न चुकता नोंदवलं जातंय.

जुन्या शहराच्या चौकात बहुतेक लोक फक्त घड्याळासाठी येतात. १४१० चं हे खगोलीय घड्याळ, ओरलोय, सकाळी नऊ ते रात्री अकरापर्यंत दर तासाला चालतं : सांगाडा घंटेची दोरी ओढतो, वरच्या खिडक्यांतून येशूचे बारा शिष्य सरकतात, शेवटी कोंबडा आरवतो. मिनिटभरात खेळ खलास, आणि बरेच जण निराश होतात. चूक घड्याळाची नाही. ते बघायचं तासानंतर, पाच मिनिटांनी, गर्दी पांगली की. वरच्या तबकडीची निळी बाजू म्हणजे दिवस, तांबूस पट्टे म्हणजे पहाट आणि संध्याकाळ, खालचा काळा गोल म्हणजे रात्र. सोनेरी सूर्य लांब काट्यावर सरकतो आणि या रंगांतून फिरतो, म्हणजे सूर्य आत्ता आभाळात कुठे आहे ते थेट दिसतं. काट्याच्या टोकाचा सोनेरी हात रोमन आकड्यांवर तास दाखवतो; बारा दोनदा आहेत, वर दुपारचे, खाली मध्यरात्रीचे. सगळ्यात बाहेरच्या काळ्या कड्यावर जुन्या वळणाचे १ ते २४ आकडे आहेत. ते जुने बोहेमियन तास, सूर्यास्तापासून मोजलेले, म्हणून ते कडं ऋतूनुसार पुढेमागे सरकतं. आतलं तिरकं कडं राशींचं, सूर्य ज्या राशीवर आहे ती चालू रास. आणि चंद्र : अर्धा चांदीचा, अर्धा काळा छोटा गोळा, तो स्वतःभोवती फिरून कला दाखवतो, आतल्या वजनाच्या जोरावर. दहा मिनिटं एवढं वाचायला लावली की पुढे कोणत्याही वेळी नुसत्या नजरेने ते कळतं.

घड्याळाकडून नगरभवनाच्या पूर्वेच्या भिंतीशी वळा आणि खाली बघा. काळ्या दगडात सत्तावीस पांढरे क्रूस बसवलेत. बीला होराच्या पराभवानंतर, २१ जून १६२१ ला, बंडाच्या सत्तावीस पुढाऱ्यांना इथे मारलं : तीन सरदार, सात नाइट, सतरा नागरिक. त्यांच्यातल्या बारा जणांची मुंडकी पुलाच्या त्याच मनोऱ्यावर टांगली, ज्याच्या कमानीखालून आपण अर्ध्या तासापूर्वी आलो, आणि ती दहा वर्षं तिथे होती. लोक या क्रूसांवर उभे राहून घड्याळाची वाट बघतात. बाजूने चालावं.

चौकाच्या मध्ये मेरीचा स्तंभ आहे. शहर १६४८ मध्ये वाचलं म्हणून १६५० मध्ये उभारलेला, हाब्सबुर्ग सत्तेचं प्रतीक मानून १९१८ मध्ये पाडलेला, आणि २०२० मध्ये पुन्हा उभा केलेला. त्याच्याजवळ जमिनीत एक पितळी पट्टी आहे, दुपारी स्तंभाची सावली तिच्यावर पडली की प्रागचे बारा. टीन चर्चचे दोन्ही मनोरे ८० मीटर उंच, पण नीट बघितलं तर एक जाड आहे. आत खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे यांची कबर आहे. दार समोरच्या घरांच्या कमानींतून आहे, म्हणून ते सापडत नाही. धर्मसुधारक यान हुस यांचं स्मारक १९१५ चं, त्यांना जाळलं त्याला पाचशे वर्षं झाली तेव्हाचं.

चौकातल्या ठेल्यांवर हॅम भाजत असतो. पाटीवरचा भाव १०० ग्रॅमचा असतो आणि विक्रेता कापतो तो तुकडा तीन-चारशे ग्रॅमचा. घ्यायचाच असेल तर आधी वजन सांगावं आणि काट्यावरचा आकडा बघून मगच कापू द्यावं.

तीन ते पाच : योझेफोव्ह

ज्यू संग्रहालयाच्या एकाच तिकिटात बरीच ठिकाणं येतात, पण वेळ दोनच तास असेल तर पिंकास सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि जुनी दफनभूमी एवढंच करावं. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी जवळ नसेल तर दारात कागदी मिळते. पिंकासच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया आणि मोराव्हियाच्या जवळजवळ ऐंशी हजार ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत. गावांची नावं सोनेरी, आडनावं लाल, मग प्रत्येकाचं नाव आणि तारखा काळ्या. लांबून भिंतीचा रंग करडा वाटतो, जवळ गेल्यावर तो रंग म्हणजे अक्षरं आहेत हे कळतं. या नावांचं पहिलं लेखन १९५० च्या दशकातलं. पुढे ओलीने खराब झालेली नावं १९९० च्या दशकात पुन्हा लिहिली.

दफनभूमी बाहेरच्या रस्त्यापेक्षा बरीच उंच आहे. जागा मिळेना म्हणून जुन्या कबरींवर माती टाकून वर नव्या खणल्या, काही ठिकाणी बारा थर. प्रत्येक वेळी खालचा दगड वर आणून ठेवला, म्हणून बाराएक हजार दगड एकमेकांवर रेललेले दिसतात. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, ल्योव्ह यांच्या १६०९ च्या कबरीवर लोक खडे ठेवतात. वाट ठरलेली आहे, दगडांना हात लावू नये. बाहेर पडल्यावर ज्यू नगरभवनावरचं हिब्रू आकड्यांचं घड्याळ बघा, त्याचे काटे उलटे फिरतात, कारण लिपी उजवीकडून डावीकडे जाते.

या भागात चालताना दारांपुढे दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन लागतात. ‘झ्दे झिल’ किंवा ‘झ्दे झिला’ अशी सुरुवात : इथे राहत होता, इथे राहत होती. मग नाव, जन्म, कुठे नेलं, कधी मारलं. पावसात बुटांनी पुसले गेले की ते चकाकतात.

संध्याकाळ

चेलेत्ना रस्त्याने १४७५ च्या दारूगोळा मनोऱ्यापर्यंत आणि शेजारच्या नगरसभागृहापर्यंत दहा मिनिटं. चेकोस्लोव्हाकियाचं स्वातंत्र्य २८ ऑक्टोबर १९१८ ला तिथे जाहीर झालं. खालच्या मजल्यावरचा १९१२ चा सजवलेला कॅफे कॉफीचे पैसे देऊन आतून बघता येतो, आणि ते द्यावेत.

मग वात्स्लाव चौक, जो चौक नसून ७५० मीटर लांब, ६० मीटर रुंद, हलक्या चढाचा रस्ता आहे. दिवसातला एवढाच चढ. डावी-उजवीकडे बघत चढा, उजवीकडच्या लुसेर्ना पॅसेजमध्ये उलट्या घोड्याच्या पोटावर बसलेला राजा छताला टांगलाय, तो शिल्पकार डेविड चेर्नी यांचा. वरच्या टोकाला खराखुरा घोडेस्वार, सेंट वेन्सेस्लास, म्हणजेच चेक भाषेतला वात्स्लाव, आणि त्याच्यामागे राष्ट्रीय संग्रहालय.

संग्रहालयापुढच्या फूटपाथवर पुन्हा खाली बघायचं. दगडी फरशी दोन ठिकाणी फुगल्यासारखी वर आली आहे आणि तिच्यावर वितळल्यासारखा वाकलेला ब्राँझचा क्रूस आडवा आहे. सोविएत रणगाडे शिरल्यानंतर, १६ जानेवारी १९६९ ला, यान पालाख या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने इथे स्वतःला पेटवून घेतलं. तीन दिवसांनी तो गेला. २५ फेब्रुवारीला यान झायित्स या आणखी एका विद्यार्थ्यानेही तेच केलं. कोणी ना कोणी इथे मेणबत्ती किंवा फुलं ठेवलेली असतात. सूचनाफलक लहान आहे आणि क्रूस जमिनीसपाट, त्यामुळे अंधार पडायच्या आत यावं. नाहीतर पायच पडतो.

परतीला संग्रहालयाखालीच मेट्रो आहे, हिरवी आणि लाल अशा दोन्ही मार्गिका इथे मिळतात. पाय अजून चालत असतील तर पाच-सात मिनिटांवर ई. पे. पावलोवा थांबा आहे, तिथून २२ नंबर पुन्हा मिळते. दुसरं तिकीट चढल्याबरोबर पिवळ्या पेटीत घालायचं.